दहाच्या जागी अकरा

मोजणीवाल्यांनी लाल झेंडी रोवली ती बरोबर विहिरीच्या वरच्या अंगाला. रोपवाली तेव्हा वाफ्यात उकिडवी बसून मिरचीची रोपं उपटत होती. दहा रोपं, एक गवताची काडी, गाठ. पुन्हा दहा रोपं, एक काडी, गाठ. मोजायचं म्हणून ती कधी मोजत नसे. बोटं आपली आपण मोजायची आणि तोंड मोकळं राहायचं, त्यामुळे तोंडाला कायम दुसरं काहीतरी काम असे.

"दादा, ती झेंडी चुकून इकडं आली का?" तिनं बसल्या जागेवरूनच विचारलं.

मोजणीदार कोवळा होता. मानेवर ओला रुमाल, नाकाचं सालपट निघालेलं. त्याच्यामागे तिपाईवर यंत्र उभं होतं.

"चुकून नाही, काकू. तुमची हद्द इथं संपते."

"आणि विहीर?"

"विहीर जादा जमिनीत जाते."

"विहीर कुठं जात नाही, दादा. माझ्या सासूनं खणली तेव्हापासून ती इथंच आहे."

तो हसला नाही, पण रागावलाही नाही. बांधावर टेकला आणि त्यानं एक कागद गुडघ्यावर पसरला. म्हणाला, "हा तुमच्या घराचा पट्टा. साहेबाचं राज्य गेलं, आपलं सरकार आलं आणि कंपनीचा खालचा मळा मजुरांना वाटला, त्या वेळचा. यात लिहिलंय, दोन चरांमधली पट्टी, रस्त्यापासून ओढ्याकडं लांबी दहा साखळ्या, कंपनीच्या साखळीने. साखळी म्हणजे शंभर कड्या. आजचे वीस मीटर, वर थोडं. त्या हिशेबानं दहा साखळ्या या झेंडीपाशी पुऱ्या झाल्या. खाली ओढ्यापर्यंत तुम्ही अकरावी साखळी कसताय. तुम्हीच नाही, ओळीतली बावीसच्या बावीस घरं."

"पन्नास वर्षं कसतोय."

"पन्नास वर्षं कुणी मोजलं नाही."

"मग आत्ताच कुणाला उमाळा आला?"

मोजणीदारानं टेकडीकडं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. टेकडीवर वरचा मळा होता. साहेब गेला तरी वरचा मळा कंपनीकडंच राहिला होता, तसा करारच झाला होता म्हणे. मधल्या काळात पाटी तीनदा बदलली, भोंगा मात्र तोच राहिला. त्या कंपनीला आता ओढ्याकाठी पंपघर बांधायचं होतं, आणि जादा निघालेली जमीन सरकार तिला भाड्यानं देणार होतं. हे ओळीतल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं.

"तक्रार असेल तर आठव्या दिवशी इथंच, जागेवर, सुनावणी घेणार आहे," तो उठत म्हणाला. "पुरावा आणा, काकू. नुसती तोंडं आणू नका. तोंडं मी लिहून घेतो, पण वरचे लोक वाचत नाहीत."

तो गेला. रोपवालीनं हातातली जुडी बांधली आणि सवयीनं ओल्या फडक्यावर ठेवली. मग परत उचलून पाहिली. नऊ रोपं होती. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

विहीर नसली तर रोपं नाहीत. वरच्या दहा साखळ्यांत नुसता खडक आणि कसंबसं येणारं धान्य होतं. ओढ्याकाठच्या त्या एका साखळीवर बावीस घरं जगत होती, आणि रोपवालीचं तर चुलीपासून लेकीच्या शाळेपर्यंत सगळं त्या विहिरीतून वर येत होतं.

*

सासरा ओट्यावर बसून दोरी वळत होता. त्याला सगळे साखळ्या म्हणत, कारण साहेबाच्या वेळी कंपनीची मोजणीची साखळी ओढायचं काम त्याच्याकडं होतं. ऊस निंदायला बाया लावल्या की एका बाईला दिवसाला आठ सऱ्या, एकेक साखळीभर लांबीच्या. त्या साखळीनं सऱ्या मोजून द्यायच्या, तो टोकाला पोचला की ओरडायचा, "पुढं!" की मागची मूठ धरलेला माणूस उठून चालायला लागायचा. अजूनही त्याला लांबून कुणाला हाक मारायची झाली तर तोंडातून तोच सूर निघायचा.

रोपवालीनं झेंडीचं सांगितलं तेव्हा त्याचे हात थांबले.

"मामंजी, तुम्ही कशाला काळजी करता? पट्ट्यावर लिहिलंय कंपनीच्या साखळीने म्हणून. आणि कंपनीची साखळी कुठं आहे? तुमच्या खाटेखाली."

हे खरं होतं. खाटेखाली गोणपाटात ती साखळी होती आणि दर पावसाळ्याआधी म्हातारा तिला कडीकडीनं तेल पाजत असे. रोपवाली लग्न होऊन आली तेव्हापासून बघत होती. माणसाचा आपल्या हत्यारावर जीव असतो, असं तिला वाटायचं आणि बरंही वाटायचं.

"ती गंजलीय," म्हातारा म्हणाला.

"मागच्या महिन्यात तर तेल लावत होता."

"गंजलीय म्हणतोय ना."

वीस वर्षांत त्यानं सुनेवर आवाज चढवला नव्हता. भोंगा वाजला, थोड्या वेळानं नवरा घरी आला. तो कंपनीचा ट्रॅक्टर चालवायचा. हातपाय धुता धुता तो म्हणाला, "माझ्या कानावर आलंय सगळं. कागद तयार आहेत. जो आपणहून सही करेल त्याला पंपघरात काम देणार."

"विहीर द्यायची आणि वर तिथंच चाकरी करायची?"

"उद्या ट्रॅक्टरवरून उतरवलं तर खाणार काय, रोपं?"

"खाते मी रोपं. गेली पंधरा वर्षं तुम्हीही तीच खाताय."

नवऱ्यानं बापाकडं पाहिलं. बाप एरवी अशा वेळी सुनेची बाजू घ्यायचा. आज तो दोरीकडं बघत म्हणाला, "सही करून टाक. मोकळं व्हा." आणि वळलेली दोरी त्यानं परत उलगडायला घेतली.

*

चौथ्या दिवशी कंपनीचा चौकीदार विहिरीच्या कठड्यावर येऊन बसला. चौकीदार काही परका नव्हता, पलीकडच्या वस्तीतलाच होता. त्याच्या घरच्या वांग्यांची रोपं रोपवालीकडूनच जायची. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "वहिनी, विचारून घ्यायचं पाणी आता. मला सांगितलंय तसं."

"कुणाला विचारू?"

"मलाच."

उन्हाचा कडाका होता. रोपं माना टाकत होती. ती घागर कमरेवर घेऊन उभी राहिली आणि तोही उभा राहिला. दोघांनाही लाज वाटत होती, पण पगार एकालाच मिळत होता.

"घेऊ का पाणी?" ती म्हणाली.

"घ्या."

त्या दिवशी तिनं अठरा खेपा घातल्या आणि अठरा वेळा विचारलं. शेवटच्या दोन-तीन वेळा तर चौकीदारानं नुसताच हात हलवला, तरी ती मुद्दाम थांबली आणि पुरतं विचारलं, "घेऊ का पाणी?" असला तिचा स्वभाव. घरी आली तेव्हा मात्र तिनं रिकामी घागर दाराशी आदळली.

म्हातारा दुपारचा कुठंतरी बाहेर गेला होता. तिनं खाटेखाली हात घातला, गोणपाट ओढून काढलं आणि साखळी ओट्यावर ओतली. काळीशार, तेलकट, मजबूत. कुठंही गंज नव्हता. जाड तारेच्या लोखंडी कड्या, दोन्ही टोकांना पितळी मुठी, आणि दर दहा कड्यांवर एक पितळी टिकली. मोजणाऱ्याला सोयीचं व्हावं म्हणून टिकल्या. तिनं टिकल्या मोजल्या. नऊ. म्हणजे दहा भाग, दहा दाहे शंभर. साखळी चोख होती. चोख साखळीचा तिला काय उपयोग? तिला रडू यायला लागलं. आता मात्र ती ओट्यावर बसून सरळ रडली.

रडताना हातांना चाळा लागतो. तिनं साखळी मांडीवर ओढून घेतली आणि बोटं कड्यांवरून फिरायला लागली, रोपांवरून फिरतात तशी. आणि पहिली टिकली आली तेव्हा तिचं बोट अडलं. काडी गुंडाळायची वेळ आधीच येऊन गेली होती. एक रोप जास्त होतं.

ती डोळे पुसून परत मुठीपासून निघाली. नऊ, दहा, अकरा, टिकली. पुढच्या भागातही अकरा. त्याच्या पुढच्यातही. दर दहाच्या जागी अकरा कड्या होत्या. शंभर म्हणवणारी साखळी एकशेदहा कड्यांची होती.

दारात सावली पडली. म्हातारा उभा होता.

"मामंजी," ती म्हणाली, आणि तिला आनंदानं हसूच फुटलं, "अहो, ही तर लांब आहे. हिच्या दहा म्हणजे खरोखरीच्या अकरा. विहीर आपलीच आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?"

म्हातारा उंबऱ्यावर बसला. एकदम नाही, आधी भिंतीला हात लावून, मग गुडघा धरून.

"माहीत होतं," तो म्हणाला. "मीच लांबवलीय."

*

त्यानं सांगितलं ते तिनं साखळी मांडीवर तशीच ठेवून ऐकलं.

साहेबानं त्याला आणि लोहाराला एका सकाळी बंगल्याच्या मागे बोलावलं होतं. दहा नव्या कड्या घडवून आणल्या होत्या. प्रत्येक भागात एकेक बसवायची. टिकल्या होत्या तिथंच, दहाच भाग. कुणी मोजलं तरी टिकल्याच मोजणार. म्हातारा तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्यानं सांडशी धरली, लोहारानं ठोकलं. बदल्यात काय मिळालं? पायात बूट. मजुरांच्या ओळीत बूट असलेला तो एकटा.

"त्या दिवसापासून प्रत्येक बाईनं दहाऐवजी अकरा हिस्से निंदले. रोज. आठही सऱ्यांत. दिवस मावळला तरी सरी संपायची नाही. बाया म्हणायच्या, हल्ली हात मंदावले आपले. स्वतःलाच दोष द्यायच्या. तुझी सासूसुद्धा."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"तिचं पहिलं मूल सरीत गेलं. पोटात दुखतंय म्हणाली तर मुकादम म्हणाला, साखळी पुरी कर आणि मग जा. ती पुरी करत होती. मी तिथंच होतो, मूठ धरून. बघितलं किती राहिलंय ते. शेवटचाच तुकडा राहिला होता." तो थांबला. "तो तुकडा तिचा नव्हताच."

रोपवालीनं मांडीवरची साखळी खाली ठेवली.

"मग संप झाला," म्हातारा म्हणाला. "आपल्या ओळीतल्या डावरीचा नवरा पुढं होता. त्याला वास आला होता. तो म्हणत होता, टिकल्यांवर जाऊ नका, कड्या मोजा. साहेबानं सगळ्यांसमोर साखळी पसरली आणि मला म्हणाला, मोज. मी मोजली. टिकलीला बोट लावत गेलो, दहा, वीस, तीस... शंभर. सगळ्यांनी ऐकलं. मी त्यांचाच माणूस ना, माझ्यावर विश्वास होता. संप तिथंच मोडला. त्याला खोटारडा म्हणाले आपलेच लोक. दुसऱ्या दिवशी शिपाई येऊन घेऊन गेले, तर सोडवायला कुणी रस्त्यावर आलं नाही."

पुढचं रोपवालीला ऐकून माहीत होतं. वर्षा-दोन वर्षांत राज्यच गेलं. झेंडा बदलला, तुरुंग उघडले, ट्रकनं माणसं परत आली. डावरी रस्त्यावर उभी होती. शेवटचा ट्रक रिकामा होऊन गेला तरी उभी होती. ज्यांनी तुरुंगात जीव सोडला त्यांची नावं चौकातल्या दगडावर कोरली, त्यात तिच्या नवऱ्याचं नाव नव्हतं. तो खोट्या कारणानं आत गेला होता, असं लोकांचं म्हणणं पडलं.

"वाटपाच्या वेळी नव्या सरकारचा माणूस आला तो हात हलवत," म्हातारा म्हणाला. "घाई होती त्याला. म्हणाला, कंपनीची साखळी आहे ना, चालेल. मी हीच ओढली. बावीस घरांना हिनंच मोजून दिलं. मनात म्हणालो, जेवढं हिनं घेतलं तेवढं हिच्याचकडून परत देतोय. तेव्हाही बोललो नाही. बोललो असतो तर सगळ्यांची एकेक साखळी कमी झाली असती, नाही का?" त्यानं सुनेकडं पाहिलं. त्याला उत्तर हवं होतं.

रोपवाली साखळी गोणपाटात भरायला लागली. भरता भरता ती म्हणाली, "सुनावणीला साखळी नुसती देऊन टाकू. का लांब आहे ते कुणी विचारणार नाही. साहेब लबाड होता, एवढं म्हटलं की झालं."

"विचारतील," म्हातारा म्हणाला.

*

आठव्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. खाली गोणपाटही नव्हतं.

रोपवाली आधी विहिरीकडं धावली. ओणवी होऊन आत पाहिलं. पाणी स्वच्छ, तळ दिसत होता, काही नव्हतं. ओढ्यावर जाऊन पाहिलं. साखळी कुठं बुडवली असती तर चिखल ढवळलेला दिसला असता, असं ती स्वतःला समजावत होती. नवरा म्हणाला, "गेले असतील कुठंतरी. चल, लोक जमलेत. मी सही करणार आहे." त्यानं खिशात पेन आणलं होतं.

झाडाच्या सावलीत मोजणीदारानं टेबल मांडलं होतं. बावीस घरं बांधावर बसली होती. डावरी सगळ्यांच्या कडेला, डाव्या हातानं पदर धरून. पंचाहत्तरीची असेल, पण अजून स्वतःचं स्वतः निंदायची. कंपनीचा वकील खुर्चीवर होता आणि त्याला घाम येत नव्हता.

एकेक जण उठून तेच बोलला. बापजाद्यांनी कसलंय, पन्नास वर्षं झाली. मोजणीदारानं सगळं लिहिलं. मग म्हणाला, "पुरावा कुणाकडं आहे?"

रोपवालीनं ओठ चावला. नवऱ्यानं पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात उसाच्या बाजूनं म्हातारा आला. खांद्यावर गोणपाट. सकाळपासून तिथंच बसला असणार, धोतराला मागून माती होती. त्यानं गोणपाट टेबलापुढं टाकलं, साखळी काढली आणि मोजणीदाराला म्हणाला, "हिनं वाटप झालं. फीत लावून बघा."

मोजणीदारानं फीत लावली. एकदा, मग परत. "दोन मीटर जास्त भरतेय," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "दहा पट केलं की... बरोबर एक साखळी. बरोबर झेंडीपासून ओढ्यापर्यंत."

बांधावर कुजबुज झाली. वकील उठला. त्यानं साखळीला बुटाच्या टोकानं स्पर्श केला.

"जुन्या साखळ्या ओढून ओढून लांबतात, साहेब," तो मोजणीदाराला म्हणाला. "कड्या झिजतात, वाकतात. शिवाय ही पन्नास वर्षं यांच्याच घरात होती. आज लांब आहे, मान्य. वाटपाच्या दिवशी लांब होती कशावरून? उद्या मीही घरून साखळी आणेन."

मोजणीदारानं म्हाताऱ्याकडं पाहिलं. "बाबा, हे त्यांचं बरोबर आहे. वाटपाआधीच लांब होती, हे सांगणारं कुणी हवं."

विचारतील, असं म्हातारा म्हणालाच होता. रोपवालीला वाटलं, उठावं आणि त्याला हाताला धरून घरी न्यावं. जाऊ दे विहीर. ती उठलीसुद्धा. म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघून मान हलवली, आणि ती होती तिथंच उभी राहिली.

तो साखळीजवळ मांडी घालून बसला. मूठ हातात घेतली आणि मोठ्यानं मोजायला लागला. या वेळी बोट टिकलीवर नव्हतं, कडीवर होतं.

"एक. दोन. तीन..." दहा झालं. तो थांबला. बावीस घरं ऐकत होती. "अकरा," तो म्हणाला, आणि मग टिकलीला हात लावला.

"ही अकरावी बघा. हिच्या टोकाला लोहाराची खूण आहे, बाकीच्यांना नाही. अशा दहा आहेत. संपाच्या पाच वर्षं आधी बसवल्यात. साहेबानं सांगितलं, लोहारानं ठोकलं, सांडशी मी धरली. संपात मला मोजायला लावलं तेव्हा मी टिकल्या मोजल्या. शंभर म्हणालो. एकशेदहा होत्या. मला माहीत होतं."

मोजणीदार वाकून खुणा बघत होता. दहाही सापडल्या. वकील काही बोलायला गेला आणि मग बसला; कंपनीनंच मजुरांना फसवलं होतं हे खोडावं तर खुणा समोर होत्या, आणि मान्य करावं तर साखळी वाटपाआधीच लांब ठरत होती. मोजणीदारानं साक्ष लिहिली, म्हाताऱ्याचा अंगठा घेतला. म्हणाला, "पट्ट्यात कंपनीच्या साखळीने लिहिलंय, आणि कंपनीची साखळी ही. मी असंच लिहून वर पाठवतो. तोवर झेंड्या काढतो." नवऱ्यानं पेनचं टोपण लावलं.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. जमीन वाचली होती. पण बांधावर कुणी हललं नाही. म्हाताऱ्या बाया आपापल्या हातांकडं बघत होत्या. एकीनं बोटं दुमडून काहीतरी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं.

डावरी उठली. म्हाताऱ्यापाशी आली. तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे तो खरं बोलत होता," ती म्हणाली.

"हो."

ती गेली. तिच्यामागून एकेक करत सगळे गेले. जाताना कुणी म्हाताऱ्याच्या अंगावरून गेलं नाही, सगळ्यांनी लांबून वाट काढली. साखळी गोळा करायला रोपवाली एकटीच राहिली.

*

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर डावरी दारात उभी राहिली. हातात खुरपं होतं.

"साखळी घ्या आणि चला," ती म्हाताऱ्याला म्हणाली.

रोपवालीनं दुसरं खुरपं उचललं आणि मागे निघाली. डावरीच्या पट्टीत कांदा होता, तणात बुडालेला. डावरीनं सरीच्या तोंडाशी बोट दाखवलं. म्हातारा समजला. त्यानं साखळी टाकली. डावरी कडेकडेनं चालत शेवटल्या टिकलीपाशी आली, मग मागं सरकली, मग परत पुढं. दहा कड्यांचा तुकडा नेमका कुठं सुरू होतो ते तिनं पायानं रेघ ओढून दाखवलं.

"एवढं माझं नव्हतं," ती म्हणाली. "आठही सऱ्यांत एवढं एवढं. काढा."

तिनं खुरपं पुढं केलं. रोपवाली मधे आली. "मावशी, त्यांचे गुडघे वाकत नाहीत. मी काढते. दुप्पट काढते."

"तू कशाला? तू कुठं मोजलं होतंस?" डावरी शांतपणे म्हणाली. "बस सावलीत."

म्हाताऱ्यानं खुरपं घेतलं. उकिडवं बसता येईना म्हणून तो सरळ गुडघ्यांवर टेकला, एक हात जमिनीवर, एक हात खुरप्यावर. आयुष्यात त्यानं मूठ धरली होती, खुरपं कधी धरलं नव्हतं. तण वरून तुटायचं, मूळ आतच राहायचं. डावरी मुकादमासारखी मागून येत होती.

"ते राहिलं."

तो मागं सरकून ते मूळ उकरायचा.

"हेही राहिलं."

ऊन चढलं. पाठीला बंडी चिकटली. तिसऱ्या सरीला त्याच्या तळहाताचा फोड फुटला, त्यानं तो मातीत दाबला आणि काम चालू ठेवलं. पाचव्या सरीला तो थोडा वेळ नुसताच टेकून राहिला, कपाळ जवळजवळ जमिनीला लागलं होतं. रोपवाली रडत होती आणि डावरी तिला रडू देत होती. त्याला मात्र थांबू देत नव्हती.

"माझी बायको," म्हातारा मान खाली घालूनच म्हणाला, "तिचं या तुकड्यातच गेलं होतं."

"माहीत आहे. मी शेजारच्या सरीत होते. मीच तिला उचललं," डावरी म्हणाली. "सहावी घ्या."

आठवी सरी झाली तेव्हा दुपार टळायला आली होती. डावरीनं शेवटचा तुकडा चालून पाहिला, वाकून एक काडी उपटली, टाकली आणि म्हणाली, "झालं." मग आपला तांब्या आणून तिनं म्हाताऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. त्याच्या हातातून रक्त आणि माती धुऊन गेली आणि उरलेलं तो प्यायला. ती त्याच्याकडं बघत नव्हती. चौकाच्या दिशेनं बघत होती, जिथं तो दगड होता. "नाव कोरायला कुणाला सांगावं लागतं?" तिनं विचारलं.

"मी सांगतो. मीच जातो," म्हातारा म्हणाला.

बांधावर कधीतरी येऊन दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. आणखी एक काठी टेकत येत होती. त्या काळातल्या आता चार-पाचच उरल्या होत्या. कुणी त्याला बोलावलं नाही. आणलेली खुरपी मात्र त्यांच्या पुढ्यात मातीत पडलेली होती.

म्हाताऱ्यानं ती पाहिली. उठायला त्याला दोन वेळा प्रयत्न करावा लागला. मग त्यानं साखळीची मूठ उचलली, पहिल्या म्हातारीच्या शेताकडं तोंड केलं आणि जुन्या सुरात, पण फाटक्या आवाजात ओरडला, "पुढं!"

साखळी जागची हलली नाही. दुसरी मूठ मागं कांद्यात तशीच पडली होती. रोपवालीनं डोळे पुसले, वाकून ती उचलली आणि त्याच्या मागून चालायला लागली.